घ्या, बदला, वाटा. पण आधी पाटी वाचा

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सोर्स कोडमध्ये ‘रीडमी.हॉट’ नावाची एक साध्या मजकुराची फाइल आहे. हा डेटाबेस जगभर बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत वापरला जातो. त्यात एखादी ओळ बदलली की जुनी ओळ लगेच पुसली जात नाही, कारण त्याच क्षणी दुसरं कुणी ती वाचत असू शकतं. म्हणून बदललेली ओळ नवी आवृत्ती म्हणून वेगळी लिहिली जाते. पूर्वी यात एक घोळ होता. तक्त्यावर पाच इंडेक्स असतील, तर नव्या ओळीची नोंद पाचही इंडेक्समध्ये करावी लागे. बदललेल्या रकान्याचा त्या इंडेक्सांशी संबंध असो वा नसो, हे टळत नसे. सतत बदलणाऱ्या तक्त्यांचे इंडेक्स त्यामुळे फुगत आणि सगळा कारभार मंदावे.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. इंडेक्स असलेल्या रकान्यांना धक्का लागला नसेल आणि डिस्कच्या त्याच पानावर जागा असेल, तर नवी ओळ जुनीला साखळीने जोडायची आणि इंडेक्सला हातच लावायचा नाही. यालाच ‘हीप ओन्ली टपल’, म्हणजे ‘हॉट’ म्हणतात. 4 फेब्रुवारी 2008 रोजी पोस्टग्रेसची 8.3 ही आवृत्ती आली. तिच्या टिपणात या सुधारणेपुढे एंटरप्राइझडीबी कंपनीच्या पवन देवलसी यांचं नाव आहे आणि कल्पना इतर अनेकांच्याही आहेत, अशी नोंदही आहे. या कंपनीचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे.

ती ‘अनेकांच्या’वाली नोंद सौजन्याची नाही, अक्षरशः खरी आहे. 2007 सालभर या पॅचवर जाहीर चर्चा चालली. आराखडा मांडला गेला, त्यातल्या फटी दाखवल्या गेल्या आणि पॅचच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. शेवटी 20 सप्टेंबर 2007 रोजी टॉम लेन या ज्येष्ठ प्रोग्रॅमरने तो मुख्य कोडमध्ये घेतला. हे सगळं आजही कुणालाही पहिल्या ओळीपासून वाचता येतं. ओपन सोर्समध्ये शिरायला भन्नाट हुशारी लागते, अशी एक समजूत कॉलेजांमध्ये आहे. हुशारी लागते, नाही असं नाही. पण घोडं अडतं ते दुसऱ्याच दोन ठिकाणी: कोडसोबत आलेल्या अटी वाचायचा कंटाळा, आणि आपलं लिहिलेलं चारचौघांत तपासून घ्यायची नाखुशी.

फुकट ते पौष्टिक

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या कुठल्याही टीमचा जावास्क्रिप्ट प्रकल्प उघडून बघा. टीमने स्वतः लिहिलेला कोड मूठभर असतो आणि ‘नोड मॉड्यूल्स’च्या फोल्डरात शेकड्याने पॅकेजं येऊन पडलेली असतात. खाली लिनक्स, वर पोस्टग्रेस, मध्ये पायथन किंवा जावाच्या लायब्रऱ्या. या शहराचं सॉफ्टवेअरचं उत्पन्न ज्या पायावर उभं आहे त्याचं बिल कुणी पाठवत नाही, म्हणून तो पाया बेवारस आहे असं आपण धरून चालतो. तो तसा नाही. जवळपास प्रत्येक पॅकेजसोबत ‘लायसन्स’ नावाची एक फाइल असते, आणि ती उघडणारा विरळा.

सगळ्यात जास्त भेटते ती एमआयटी लायसन्सची फाइल. इंग्रजीत जेमतेम पावणेदोनशे शब्दांची. तिचा अस्सल अनुवाद करायचा तर पुणेरी पाटीच लिहावी लागेल: ‘खुशाल वापरावे. बदलावे. विकावे. आमचे नाव व ही पाटी काढू नये. बिघाड झाल्यास आमच्याकडे येऊ नये.’ एवढंच. अट एकच: हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत राहिला पाहिजे. आणि तीच एक अट अनेक कंपन्यांच्या उत्पादनांत मोडलेली सापडते, कारण कोड चिकटवताना वरची टिपणी कुणीतरी ‘साफसफाई’ म्हणून उडवलेली असते.

पाटीच नसेल तर काय? इथे बहुतेकांची गल्लत होते. गिटहबवर कोड उघडा दिसतो आहे, म्हणजे तो घ्यायला मोकळा आहे, असं नाही. भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा आहे आणि 1984 च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीच्या व्याख्येत आला. म्हणजे प्रोग्रॅमला कादंबरीसारखंच संरक्षण मिळतं. त्यासाठी नोंदणी लागत नाही, लिहून झालं की हक्क तयार होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व पुढे 60 वर्षं टिकतो. परवाना नसलेला कोड वाचता येतो, पण आपल्या उत्पादनात घालता येत नाही. तेव्हा आपला छोटासा प्रकल्प लोकांनी वापरावा असं वाटत असेल, तर पहिलं काम परवान्याची फाइल ठेवण्याचं. ती नसेल तर जाणकार माणूस कितीही आवडलं तरी हात लावणार नाही.

ती फाइल घरी बसून रचू मात्र नये. आपल्या कायद्यात एक मेख आहे. परवान्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरावी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरावा, असं कलम 19 आणि 30 अ एकत्र वाचल्यावर निघतं. अपाची 2.0 या परवान्यात ‘कायमचा’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय योगदान देणाऱ्याचे पेटंटचे हक्कही त्यात वापरणाऱ्याला दिलेले आहेत. असे तपशील वकिलांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतलेले असतात. तयार परवान्यांतून निवडावा आणि त्यातला शब्दही बदलू नये.

अट मोडली तर

दुसऱ्या घराण्याचा परवाना म्हणजे जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो 1989 मध्ये आणला, 1991 मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि 2007 मध्ये तिसरी. त्यातली मुख्य अट अशी: या कोडवर आधारलेला प्रोग्रॅम तुम्ही लोकांना दिलात, तर त्याचा सोर्स कोडही याच परवान्याखाली द्यायचा. कार्यालयात स्वतःपुरता वापरलात तर कुणाला काही देणं लागत नाही. यातून एक पळवाट राहते. प्रोग्रॅम लोकांच्या हाती न देता आपल्या सर्व्हरवर ठेवून नुसती सेवा विकली, तर सोर्स द्यावा लागत नाही. तिच्यावर एजीपीएल हा उपाय आहे.

हे सगळं विश्वासावर चालतं, कोर्टात टिकत नाही, असा एक सूर असायचा. 2008 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने जेकबसेन विरुद्ध कॅट्झर खटल्यात तो संपवला. वाद होता खेळण्यातल्या आगगाड्या चालवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचा. न्यायालयाने म्हटलं, पैसे घेतले नाहीत म्हणून अटींना किंमत नाही असं होत नाही. अट मोडली की तो हक्कभंग ठरू शकतो.

जीपीएलचा पुण्याला झालेला फायदा मोजायचा असेल तर वर्डप्रेसची गोष्ट बघावी. ‘बी-टू’ नावाचा ब्लॉग चालवण्याचा एक प्रोग्रॅम होता. त्याच्या कर्त्याने काम थांबवलं. प्रोग्रॅम जीपीएलखाली असल्यामुळे मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तो उचलला आणि 2003 मध्ये वर्डप्रेस म्हणून पुढे नेला. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, ती परवान्यातच दिलेली होती. 2009 मध्ये पुण्यात आरटीकॅम्प ही कंपनी उभी राहिली ती वर्डप्रेसच्या कामावरच. तिने ‘इझीइंजिन’सारखी स्वतःची साधनंही ओपन सोर्स केली. मूळ कर्ता गप्प झाल्यावरही काम जिवंत राहतं, ही तरतूद त्या एका फाइलमुळे आहे.

लोहितची परवान्याची अदलाबदल

परवाना निवडताना काय विचार करावा लागतो, हे लोहित फाँटांच्या उदाहरणात नीट दिसतं. रेड हॅटने 2004 मध्ये भारतीय भाषांसाठी हे फाँट जीपीएलखाली खुले केले आणि पुढे कंपनीच्या पुणे कार्यालयातून त्यांची देखभाल झाली. तोवर मराठी टंकलेखन म्हणजे विकत घेतलेली पॅकेजं. एका पॅकेजातला मजकूर दुसरीकडे उघडला की नुसती जिलबी. युनिकोडने अक्षरांचे क्रमांक सगळीकडे सारखे केले, पण त्या क्रमांकांना रूप देणारा आणि मुक्तपणे वाटता येणारा फाँट हवाच होता. लिनक्सवर ती गरज लोहितने भागवली. लोहितमध्ये मराठीचा फाँट वेगळाही मिळतो. मराठीचा ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळे, शिवाय ‘वाऱ्या’तला अर्धा ऱ. या गोष्टी बघायला मराठी डोळा लागतो.

जीपीएल हा परवाना प्रोग्रॅम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. फाँटचं तसं नसतं. पीडीएफ करताना फाँट त्या फाइलच्या पोटात जातो. मग ती पीडीएफ फाँटवर ‘आधारलेली कृती’ ठरते का? ठरली, तर एखाद्याच्या कवितासंग्रहालाही जीपीएल लागू होईल का? हेतू कुणाचाच तसा नव्हता, पण शंका राहिली की प्रकाशक दूर राहतो. एसआयएल या संस्थेने खास फाँटांसाठी ‘ओपन फाँट लायसन्स’ लिहिलं होतं आणि त्याची 1.1 आवृत्ती 2007 मध्ये आली. त्यात दस्तऐवजात फाँट घालायची उघड मुभा आहे, सॉफ्टवेअरसोबत वाटायची मुभा आहे, बंदी आहे ती नुसता फाँट सुटा विकायची. 2011 मध्ये लोहित फाँट या परवान्याखाली आले. ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या गटाच्या बलू आणि मुक्त या फाँटांवरही हाच परवाना आहे.

परवाना असा बदलणं दर वेळी शक्य नसतं. ज्यांचा ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांची संमती लागते. लिनक्सच्या कर्नलमध्ये हजारो लोकांचा कोड आहे, म्हणून तो दुसऱ्या आवृत्तीच्या जीपीएलवरून हलणं जवळपास अशक्य आहे. मोठ्या कंपन्या योगदान स्वीकारण्याआधी वेगळ्या करारावर सही मागतात ती यासाठीच: पुढे परवाना बदलायची चावी हातात राहावी म्हणून. 2023 मध्ये टेराफॉर्मची मालक असलेल्या हॅशिकॉर्पने ही चावी फिरवली आणि 2024 मध्ये रेडिसनेही परवाना बदलला. त्यावर लोकांनी जुना मोकळा कोड घेऊन ओपनटोफू आणि व्हाल्की हे वेगळे प्रकल्प उभे केले. सही करण्यापूर्वी तो करार कुणाला काय देतो, ते वाचून घ्यावं.

तुम्ही लिहिलंत, पण मालक कोण?

पुण्यातल्या नोकरदार प्रोग्रॅमरला यापेक्षा जवळचा प्रश्न वेगळाच आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं, की नोकरीच्या कामात तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक कंपनी असते. उलट काही ठरलेलं असेल तरच ते बदलतं. शिवाय नेमणूकपत्रासोबत जो जाडजूड करार येतो, त्यातली कलमं अनेकदा याहूनही पुढे जातात. ‘मी रात्री घरी, माझ्या लॅपटॉपवर लिहिलं’ हे म्हणणं अशा वेळी पुरेलच असं नाही.

हा कागदी कीस नाही. 2003 मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरून लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा दावा केला. ते प्रकरण पुढे वर्षानुवर्षं रेंगाळलं, पण त्यातून धडा घेऊन 2004 मध्येच लिनक्सने नवी रीत पाडली. प्रत्येक पॅचच्या तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ, पुढे नाव आणि ईमेल. हा कोड मी लिहिला आहे किंवा तो या परवान्याखाली देण्याचा मला हक्क आहे, अशी ती जबानी असते. गिटमध्ये ती ओळ टाकायला कमिटच्या आज्ञेत एक अक्षर वाढवावं लागतं, म्हणून ती सवयीने टाकली जाते. ज्याच्या कंपनीने परवानगी दिलेली नाही, त्याने ते अक्षर टाकताना थांबायला हवं. मॅनेजरला एक ईमेल पाठवून, अमुक प्रकल्पात अमुक प्रकारचं काम करायचं आहे, असं विचारावं आणि लेखी होकार जपून ठेवावा. अनेक कंपन्यांत आता यासाठी ठरलेली पद्धत असते, विचारणारेच कमी.

मॉडेल कॉलनी ते शिवाजीनगर

या शहरात ओपन सोर्स रुजलं ते कंपन्यांच्या आधी हौशी लोकांमुळे. नव्वदच्या दशकात इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून कुथत चाले, तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणारी लिनक्सची सीडी हातोहात फिरायची. पुणे लिनक्स युझर्स ग्रुप, म्हणजे ‘प्लग’, ही त्या मंडळींची बैठक. 2003 पासून प्लगच्या साथीने सिंबायोसिसच्या मॉडेल कॉलनीतल्या संगणक संस्थेत ‘नुनिफाय’ हा वार्षिक मेळा सुरू झाला. मांडणी विद्यार्थ्यांची, बोलणारे जगभरचे.

शिवाजीनगरच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये विद्यार्थी-प्राध्यापकांचा फ्री सॉफ्टवेअर गट आहे. नोव्हेंबर 2011 मध्ये याच कॉलेजात ‘फडकॉन’ ही फेडोरा लिनक्सच्या विकासकांची परिषद भरली आणि जून 2015 मध्ये कोथरूडच्या एमआयटीत पुन्हा. 2017 च्या फेब्रुवारीत पायकॉन पुणे झालं. तिथे भाषणांना जोडून डेव्ह-स्प्रिंटही होते, म्हणजे अनुभवी मंडळींच्या शेजारी बसून प्रत्यक्ष पॅच लिहायचा. भाषण ऐकून घरी गेलेला माणूस क्वचित परततो. ज्याचा एक पॅच शेजारच्याच्या मदतीने मर्ज झाला, त्याला चटक लागते. आता फॉस युनायटेडच्या पुणे शाखेच्या बैठकाही होतात.

टी-शर्टासाठी पीआर

याची दुसरी बाजूही आहे आणि ती इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांशी जास्त संबंधित आहे. दर ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम असतो. ठरावीक पुल रिक्वेस्ट (पीआर) टाकल्या की टी-शर्ट मिळायचा. 2020 मध्ये त्यासाठी निरर्थक पीआरचा पूर आला. रीडमीत ‘छान प्रकल्प’ अशी ओळ घालायची आणि पाठवायचं. आयोजकांना नियम बदलावे लागले: ज्या प्रकल्पाने नाव नोंदवलं आहे तिथलेच पीआर धरले जातील. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पावर तसाच लोंढा आला. भारतातल्या एका लोकप्रिय शिकवणीच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून तो प्रकल्प दाखवला होता, आणि विद्यार्थ्यांनी खरोखरच त्याच्या रीडमीत स्वतःची नावं घालून पाठवली.

बायोडेटात ‘ओपन सोर्स योगदान’ अशी ओळ हवी, प्लेसमेंट तोंडावर आहे. मुलांचं समजू शकतं. पण पलीकडे एक मेंटेनर असतो, बहुधा बिनपगारी, आणि कचरा उपसण्यात त्याची संध्याकाळ जाते. मेंटेनर किती एकाकी असतो हे मार्च 2024 मध्ये जगाने पाहिलं. जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेली ‘एक्सझेड’ ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी एकच दमलेला माणूस सांभाळत होता. मदतीच्या मिषाने एकजण दोन-अडीच वर्षं सज्जनपणे पॅच पाठवत राहिला, विश्वास मिळवला आणि कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. पोस्टग्रेसचेच एक प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवर लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं, त्यांनी पिच्छा पुरवला आणि ते उघडकीला आलं.

कुठून सुरुवात करावी

आपण रोज वापरतो त्या साधनापासून. अनोळखी प्रकल्पाची सोपी कामं शोधत हिंडण्यापेक्षा हे बरं, कारण इथे काय खुपतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. आधी परवाना वाचायचा, मग ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ ही फाइल. त्यात कोड कसा मांडायचा, चाचण्या कशा चालवायच्या, आधी इश्यू उघडायचा की थेट पीआर, हे लिहिलेलं असतं. मग प्रकल्प आपल्या खात्यात फोर्क करायचा, वेगळी ब्रांच काढायची आणि एकाच गोष्टीचा एकच बदल करायचा. चूक दुरुस्त करताना जमलं तर आजूबाजूचा कोडही नीटनेटका करून टाकू, हा मोह आवरायचा. तपासणाऱ्याला चार ओळींचा फरक चार मिनिटांत कळतो. चारशे ओळींचा फरक तो उद्यावर टाकतो. कमिटच्या निरोपात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहायचं. रिव्ह्यूमध्ये तीस सूचना आल्या तर तो अपमान नसतो. तेवढा वेळ कुणीतरी आपल्यासाठी दिलेला असतो.

प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी दार बंद नाही. मोझिलाचा कॉमन व्हॉइस हा प्रकल्प लोकांच्या आवाजाचे नमुने गोळा करून सर्वांना खुले करतो. त्यात मराठीही आहे. सगळा संच सीसी-झीरोखाली, म्हणजे कुणालाही विनाअट. विदर्भातल्या आजीचा आणि मालवणच्या मामांचा उच्चार संगणकाला कळायला हवा असेल, तर तो कुणीतरी तिथे बोलून ठेवावा लागेल.

भाषांतराचं कामही असंच आहे, आणि ते वाटतं तितकं सरळ नाही. विकिपीडियामागच्या मीडियाविकीचे संदेश ट्रान्सलेटविकीवर मराठीत येतात. संदेशात सदस्याच्या नावाच्या जागी डॉलर आणि एक आकडा असतो. तो चुकून गळला तर पडद्यावर नावच उमटत नाही. मग ‘अमुक आला’ लिहायचं की ‘आली’? मीडियाविकीत सदस्याच्या पसंतीप्रमाणे लिंग बदलायची सोय आहे. किंवा ‘अमुकने पान तयार केले’ अशी रचना केली की प्रश्नच मिटतो. ही युक्ती परदेशातल्या प्रोग्रॅमरला सुचणार नाही. ती मराठीत विचार करणाऱ्यालाच सुचते.

पहिल्या पीआरला उत्तर यायला आठवडा लागेल, कदाचित महिना. तेवढ्या काळात त्याच प्रकल्पातला दुसऱ्या कुणाचा तरी पडून राहिलेला इश्यू उघडावा, तो दोष आपल्या मशीनवर होतो का ते करून बघावं, आणि कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या क्रमाने होतो ते खाली लिहून ठेवावं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, टी-शर्ट मिळत नाही आणि बायोडेटातही ते फारसं दिसत नाही. मेंटेनरचं त्या दिवसाचं निम्मं काम मात्र झालेलं असतं.